बस चावते, असं त्या म्हणायच्या

विजेच्या कामात डोळ्यांना दिसतं तेच खरं, असा माझा एक समज होता आणि तो मी बरीच वर्षं ज्ञान म्हणून वाटत फिरलो. किटकॅट फ्यूज उडाला की चिनी मातीचा पूल ओढून काढायचा, वितळलेली तार दिसते, नवी ओढायची, दिवा लागतो. ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर बिघडला की झाकण उघडायचं, जळका डायोड नुसत्या वासावर सापडतो. आणि ती नवी प्लॅस्टिकची खोकी? आत काय चाललंय ते बनवणाऱ्याला ठाऊक. बिघडली की फेका, दुसरं आणा. त्यांना मी ‘खोक्यातली अक्कल’ म्हणायचो, आणि म्हणताना आजूबाजूला कोण हसतंय तेही बघायचो.

मी तारतंत्री. आयटीआय झालं, लायसन्स निघालं, पण हात बसला तो एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली. घरं, पोल्ट्री, विहिरीवरच्या मोटारी ही आमची कामं. जुन्या बसगाड्यांच्या कामात मी ओघाने शिरलो. एसटीच्या आणि खासगी मालकांच्या वय झालेल्या गाड्या लिलावात निघतात. बहुतेक भंगारात जातात, काहींचं नशीब बदलतं. कुणी फिरतं वाचनालय करतं, कुणी शाळा. पुण्यात तर अशा बसगाड्यांची महिलांसाठी स्वच्छतागृहं झाली. आमच्याकडच्या एका संस्थेने एका गाडीत डोळे तपासायचा दवाखाना थाटला. सीटा काढून पुढे तपासणीचं टेबल, मागे काळ्या रंगाची अंधारी खोली, थेंबांच्या बाटल्यांसाठी छोटा फ्रीज, पंखे, ट्यूबा. सगळं वायरिंग माझं.

ड्रायव्हरच्या पाठीमागे प्लायवूडचा बोर्ड. त्यावर चाकूसारख्या पात्यांचा मेन स्विच, ओळीने किटकॅट, खाली न्यूट्रलची पट्टी. एका चेंजओव्हरने बाहेरची लाईन किंवा इन्व्हर्टर निवडायचा. डिकीत बारा व्होल्टच्या दोन दीडशे अँपिअर-अवर ट्युब्युलर बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले, आणि शेजारी माझा लाडका चार्जर. एका माणसाला धड उचलत नसे. पुढे ‘लो’ आणि ‘हाय’ असा एक खटका, मधे अँपिअरचा काटा. चालू केला की घुमायचा. बाहेरची लाईन नसेल तेव्हा इंजिनच्या अल्टरनेटरवर बॅटऱ्या भराव्यात म्हणून गाडीच्या मूळ बॅटऱ्या आणि ह्या बॅटऱ्या जाड केबलने एका हँडलच्या स्विचमधून जोडल्या होत्या. गाडी थांबली की ड्रायव्हरने हँडल सोडवायचं. तो विसरायचा. मग संध्याकाळपर्यंत पंखे आणि फ्रीज मिळून स्टार्टरची बॅटरीही पिऊन टाकायचे आणि शिबिर संपल्यावर गावातली पोरं गाडीला धक्का मारायला जमायची. दोष अर्थातच ड्रायव्हरचा. माणसाला रोज आठवणीने करावं लागतं अशा गोष्टीवर सगळी मांडणी उभी करणाऱ्याचाही त्यात काही वाटा असतो, हे मला सुचलं नाही.

गाडी अडली की फोन मला यायचा. जत, आटपाडी, कुठेही असो, मी मोटारसायकलला पिशवी अडकवून निघायचो. उन्हातान्हात जाऊन फ्यूजची तार ओढायची, दिवे लागले की डॉक्टर ‘तुम्ही होतात म्हणून’ म्हणायचे, सिस्टर चहा द्यायच्या. तो चहा मला फार आवडायचा. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर ती गाडी अडावी असं मला कधी वाटलं नाही, पण ती माझ्याशिवाय चालावी असंही कधी वाटलं नाही.

सिस्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पावसाळा होता. “काका, दाराची दांडी धरली की बस चावते.” मी म्हणालो, “पायात काय होतं? चप्पल घालत जा.” त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा मी टेस्टर लावला, टेस्टरचा निऑन लागला आणि मी ते ‘इंडक्शन’वर ढकललं. खोटं नव्हतं ते. टेस्टरचा दिवा इतक्या थोड्या करंटवर लागतो की लांबून जाणाऱ्या तारेच्या प्रभावानेही उजळतो. शिवाय नव्या एलईडी ट्यूबांच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर लाईनच्या साधारण अर्धा दाब दिसतो आणि हाताला झिणझिण्या येतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घात झाला, कारण पुढे बघायची गरज उरली नाही. दाराशी एक लाकडी पाट ठेवायला सांगून मी निघालो. पेशंटने पाटावर उभं राहून दांडी धरायची. विजेच्या तक्रारीवर मी सुचवलेला हा उपाय.

मधल्या काळात माझ्याकडे आयटीआयमधून एक पोरगा कामाला लागला. त्याने संस्थेच्या लोकांना सांगून गाडीत आरसीसीबी बसवला, तीस मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो की नाही हे तो मोजत बसतो. तीस मिलिअँपिअर कुठे तरी वाट चुकले की लाईन तोडतो. उन्हाळ्यात ठीक चाललं. पहिल्या पावसाबरोबर तो पडायला लागला. उचलला की पडायचा. शिबिर खोळंबलं, फोन आला, मी गेलो आणि येणारी-जाणारी तार त्याला वगळून थेट जोडून टाकली. “दमट हवेला टिकत नाही ही नाजूक जात,” असं मी डॉक्टरांना समजावलं. पोरगा बाजूला उभा होता. काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं त्याला.

मग तो दिवस. जत-आटपाडीकडे खरा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. रात्रभर झोडपून सकाळी उघडीप होती. शाळेच्या मैदानात गाडी लावली होती, चिखल घोट्यापर्यंत. लाईन शाळेच्या वर्गातून घेतलेली, दोन तारांची लांब वायर. तिसऱ्या, अर्थिंगच्या तारेला जागाच नाही, आणि असती तरी वर्गातल्या सॉकेटचं तिसरं भोक शोभेचं होतं. गावोगाव तसंच असतं. मी पंखा बदलायला गेलो होतो, पोरगा बरोबर होता.

मोतीबिंदूची तपासणी होती. एक म्हातारी, अनवाणी, नातवाचा हात सोडून दाराशी आली. पाट कुणीतरी चिखल झाला म्हणून उचलून ठेवला होता. तिने दांडीकडे हात नेला आणि ती मागे चिखलात बसली. पडली नाही, बसली. क्षणभर तिला कळलंच नाही. मग हात झटकत हसायला लागली, “आरं, ही मोटार चावतीया की रं बाबा!” रांग हसली. नातू हसला. मीही हसलो.

तिला उठवताना तिचे हात हातात आले. ओले, खरबरीत, मातीने भरलेले. दांडीवर रंगाचे जाड थर होते आणि तिची बोटं नीट आवळली जायच्या आतच झटका बसला, म्हणून हात उडाला. मूठ आवळली असती तर ती सुटली नसती. दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आपलं ऐकत नाहीत, धरलेलं अधिकच घट्ट धरतात. हे मी पोरांना शिकवताना नेहमी सांगायचो. तिचा हात माझ्या हातात असताना ते मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजलं.

पोराने तोवर मल्टिमीटर आणला होता. एक टोक दांडीला, दुसरं चिखलात रोवलेल्या तंबूच्या खुंटीला. एकशे ऐंशीच्या आसपास. मग त्याने शांतपणे वर्गातल्या सॉकेटवर मोजलं. गावात व्होल्टेज नेहमीचंच कमी, दोनशेच्या थोडं वर. मी मनातल्या मनात फिल्टरचं उत्तर काढून तयार होतो. पण फिल्टरमुळे अर्धं दिसतं. अर्धं म्हणजे शंभर. एकशे ऐंशी हे अर्धं नव्हतं, जवळजवळ अख्खी फेज होती. माझ्याच ज्ञानातलं गणित माझ्याविरुद्ध उभं राहिलं. त्या पोराने एक शब्द उच्चारला असता तर मी वाद घातला असता, एवढी माझी मला ओळख आहे. तो बोलला नाही आणि मला आकड्याशी एकट्याने भिडावं लागलं.

शिबिर थांबवलं. आरसीसीबीच्या तारा मीच परत जागेवर लावल्या. उचलला, पडला. किटकॅट एकेक काढत गेलो. फ्रीजचा काढल्यावर तो उभा राहिला. मग फ्रीजचा दोष, म्हणून त्याची पिन काढली आणि फ्यूज परत घातला, तरी पडला. म्हणजे फ्रीज नाही, तार. अंधाऱ्या खोलीची आतली प्लायवूडची भिंत उतरवली. बॅटरीच्या उजेडात ती जागा दिसली. बसच्या सांगाड्याच्या पत्र्यात एक भोक, ड्रिलने पाडलेलं, कडा धारदार, आणि त्यातून गेलेली लाल तार. प्रत्येक खड्ड्यागणिक ती त्या कडेवर घासली होती. आवरण एका बाजूने कापलं गेलं होतं. वरून तांबं घासून चकचकीत, जिथे पत्र्याला टेकत होतं तिथे काळं. भोकात रबरी बुश नव्हता. दोन रुपयांची वस्तू. भोक मी पाडलेलं, तार मी ओढलेली. त्या दिवशी पिशवीत बुश नसणार आणि मी म्हणालो असणार की नंतर घालू. मला ते आठवतही नाही.

आणि आता सगळं सरळ दिसायला लागलं. गाडी रबराच्या टायरवर उभी. फेज पत्र्याला लागली तरी करंटला जमिनीत जायला वाट नाही, त्यामुळे फ्यूजच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. सगळी गाडी मात्र जिवंत तार होऊन रस्त्याकडेला उभी. फ्यूज सोळा अँपिअरचा, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर, आणि साध्या तारेचा फ्यूज त्याच्याही बराच वर गेल्याशिवाय वितळत नाही. तो तार जळू नये म्हणून असतो. माणूस त्याच्या हिशेबातच नाही. पावसाळ्यात आरसीसीबी का पडायचा? दाराची लोखंडी पायरी ओल्या मातीत टेकायची, करंटला वाट मिळायची. उन्हाळ्यात माती सुकली की वाट बंद, आरसीसीबी गप्प, आणि मी म्हणणार दमट हवा. तो नाजूक नव्हता. सिस्टर आणि तो, दोघंही एकच गोष्ट सांगत होते. एकीला मी पाट दिला, दुसऱ्याची जीभ कापली.

मला नव्या वस्तूंबद्दल अविश्वास आहे असं मी समजत होतो. तसं नव्हतं. किटकॅट मला प्रिय होता कारण तो उडाला की माझी गरज लागते. दुरुस्त करता येतं ते चांगलं, हे तत्त्व म्हणून मी अजूनही मानतो, आडगावी त्याची किंमत कळते. पण त्या तत्त्वाच्या आडोशाला मी माझं महत्त्व बसवलं होतं, आणि ते टिकावं म्हणून अनवाणी बाईला दारातून चढवत होतो. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला.

पुढचं काम पोराने आणि मी मिळून केलं, म्हणजे बरंचसं त्याने. प्लायवूड गेलं. पत्र्याची पेटी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे एमसीबी, तीन तारांची केबल, घरातल्या एकेरी तारेऐवजी बारीक धाग्यांची लवचीक तार, कारण हादऱ्यात एकेरी तार मोडते. टोकांना लग दाबून बसवलेले. गाडीबरोबर एक तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, गाडी लावली की तो ठोकायचा, वर बादलीभर पाणी ओतायचं, पत्रा त्याला जोडायचा. ड्रायव्हरने पहिल्यांदा कुरकूर केली, आता सवयीने करतो.

एका जागी मात्र मी पुन्हा अडलो. इन्व्हर्टरवर गाडी चालू असताना मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला, मी म्हटलं झालं. पोरगा म्हणाला, “काका, बटण आतल्या आत फसवतं.” आणि खरंच. बटण पेटीतल्या पेटीतच फेजवरून न्यूट्रलला छोटी वाट काढून देतं. इन्व्हर्टरचा न्यूट्रल अधांतरी असेल तर पत्र्याला फेज लागूनही करंटला परत यायला रस्ता नसतो, मग आरसीसीबी काय मोजणार? म्हणून इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल पत्र्याला बांधावा लागतो आणि बाहेरची लाईन आली की तो बंध आपोआप सुटावा लागतो. त्यासाठी एक रिले. मी चाळीस ठिकाणी बटण दाबून ‘ओके’ म्हटलं असेल. त्यातल्या किती गाड्या, किती जनरेटर, देव जाणे.

त्यालाही सगळं येत होतं असं नाही. बॅटरीच्या बाजूला त्याने घरगुती एमसीबी लावायला काढला होता. मी हात धरला. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझायला त्याची मदत होते. डीसीला ती सोय नाही, ठिणगी ओढली जाते आणि पेटी पेटू शकते. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या वर ओतते. तिथे बॅटरीच्या टर्मिनलला खेटून डीसीचाच फ्यूज हवा. त्याने मान्य केलं. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

चार्जर काढताना मात्र जीव कासावीस झाला. बॅटरीत बुडबुडे आले म्हणजे भरली, ही आमची परीक्षा. दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर ओतावं लागायचं, त्यालाही मी देखभाल म्हणायचो. प्रत्यक्षात तो खटक्याचा चार्जर कुठे थांबायचं ते जाणतच नव्हता, चोवीसच्या बँकेवर दाब तीस व्होल्टच्या पुढे सरकायचा आणि पाणी उकळल्यासारखं उडायचं. बुडबुडे म्हणजे हायड्रोजन. हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो, आणि आमचा पात्यांचा मेन स्विच रोज ठिणगी द्यायचा. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणायचे, तर मी म्हणायचो औषधांचा असेल. डिकीच्या तळाचा पत्रा ॲसिडने चाळणीसारखा झाला होता.

नवा चार्जर हातात धरून फिरता येईल एवढा. आधी जोरात भरतो, २८.८ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, मग २७ च्या थोडं वर उतरून नुसता राखतो. बॅटरीला चिकटवलेली एक बारीक तार तिचं तापमान सांगते. २५ अंशाला जो दाब योग्य, तो ४५ अंशाला साधारण एक व्होल्टने उतरवावा लागतो. आमच्या उन्हाळ्यात बंद डिकीत ४५ म्हणजे काहीच नाही. माझ्या चार्जरने मे महिन्यात किती बॅटऱ्या शिजवल्या असतील! हँडलचा स्विचही गेला. त्या जागी डीसी ते डीसी चार्जर, इंजिन चालू असेल तरच तो अल्टरनेटरकडून घेतो, उलटं जाऊ देत नाही. धक्का मारायला पोरं जमत नाहीत आता.

लिथियमबद्दल माझं मत अर्धंच बदललंय. २०२२च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्याच्या बातम्या वाचून मी त्या शब्दालाच घाबरलो होतो. पोराने समजावलं की बसमध्ये घालतात ती लिथियम-आयर्न-फॉस्फेटची जात वेगळी, तापून भडकायला बरीच कमी तयार. ते पटलं. पण तिचा दाब भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळपास सारखाच दिसतो, म्हणून आत काय उरलंय ते मीटरने सांगता येत नाही, करंट मोजत बसणारा शंट लागतो. किंमत वेगळीच. संस्थेला परवडत नाही आणि तालुक्याच्या बाजारात ती हाताळणारा कुणी नाही. तूर्त ट्युब्युलरच ठेवल्या. हा विवेक आहे की जुनी खोड, ते मला सांगता येत नाही.

सिस्टरांना मी सगळं सांगितलं. भोक, बुश, आरसीसीबीला वगळलेलं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. चहा नंतर मिळाला, पण त्या दिवशी नाही.

संस्थेची दुसरी गाडी आली आहे, दातांच्या दवाखान्यासाठी. तिचा नकाशा पोरगा काढतोय. पेटीच्या दाराला आतून तो चिकटवायचा ठरलाय, म्हणजे अडलं तर जवळचा कुठलाही वायरमन बघेल, माझी वाट पाहायला नको. कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका इन्व्हर्टरला पेलेल का यावरून आमचं सध्या वाजलंय. मी म्हणतो नाही पेलणार. या वेळी मोजून बघणार आहोत.